खिंडीपलीकडचं घर

थिनलेसने पिकअपच्या हौद्यातून सायकल खाली घेतली, पुढचं चाक उचलून त्याला एक गिरकी दिली आणि ब्रेक दाबून पाहिला. चाक जागच्या जागी थांबलं. मग मागचं चाक. यांगडोल अजून स्टिअरिंगमागेच बसून होती आणि तिने इंजिनही बंद केलं नव्हतं. नवऱ्याचं डोकं अजूनही ठिकाणावर येईल आणि गाडी लेहकडे वळवता येईल, अशी तिची आशा होती.

"दोन दिवसांत रस्ता उघडेल," ती खिडकीतून म्हणाली. "बुलडोझर लावलाय म्हणतात."

"दोन दिवसांनी जाऊन काय करू? राख भरू?"

पुलूच्या चौकीसमोर रस्त्यावर बांबू आडवा होता. काल दुपारी खार्दुंग ला खिंडीच्या पलीकडच्या अंगाला बर्फाचा कडा रस्त्यावर घसरला होता आणि तेव्हापासून ट्रक बांबूपाशी अडकून पडले होते. ड्रायव्हर चहाच्या टपरीच्या दारात, हातात पेले धरून उभे होते. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

"अचो थिनलेस, आज गिऱ्हाईक कुठाय?" एकाने विचारलं.

"तोच गिऱ्हाईक आहे आज," दुसरा म्हणाला. "पण हा तर उतरणीचा राजा. चढाला कुणाला नेतोय?"

थिनलेसने मागचा ब्रेक पुन्हा दाबून पाहिला. बोलणं खोटं नव्हतं. त्याचा धंदा उतरणीचा होता. उन्हाळाभर तो पर्यटकांना आणि सायकलींना पिकअपमधून खिंडीच्या माथ्यावर नेऊन सोडायचा. मग ते लेहपर्यंत घरंगळत खाली यायचे आणि हा गाडी घेऊन मागून ओरडत यायचा, ब्रेक दाबा, डावीकडून चला, मागे बघू नका. लोक घरी जाऊन सांगायचे की आम्ही खार्दुंग ला सायकलने केला. थिनलेस स्वतः तो चढ सायकलवरून कधी चढला नव्हता. आजवर त्याने उंटावरूनच शेळ्या हाकल्या होत्या, आणि त्यात पोटही जरा सुटलं होतं.

काल संध्याकाळी पलीकडून, थांगमर गावातून फोन आला होता. मेमे तुंडुप, म्हणजे तुंडुप आजोबा, गेला. फोन त्याच्या मुलाचा होता, स्कल्झांगचा. ज्योतिष्याने वेळ काढली आहे, तो म्हणाला. उद्या सूर्य मावळायच्या आत देह बांधून बसवायचा, परवा सकाळी अग्नी. एवढं सांगून तो थांबला. त्याने 'ये' म्हटलं नाही. तसं म्हणायचं नसतं. फासपुनला फक्त कळवायचं असतं.

थांगमरमध्ये चार घरांचा देव एक आहे. ती चार घरं एकमेकांची फासपुन. रक्ताचं नातं असेल नसेल, जन्माला, लग्नाला आणि मरणाला हीच घरं एकमेकांच्या दारात उभी राहायची. माणूस गेला की त्याच्या पोरांनी देहाला हात लावायचा नाही, कोपऱ्यात बसून रडायचं. आंघोळ, बांधणं, खांदा, अग्नी, अगदी चुलीवरचा चहासुद्धा बाकीच्या तीन घरांनी बघायचा. पण आता तीन घरं उरली होती कुठे? एकाला कुलूप होतं, पोरं चंडीगढला. दुसऱ्या घरातला मेमे पलजोर ऐंशीच्या घरातला, पेला धरला तरी हात थरथरतो. तिसरं घर थिनलेसचं.

"आयतं निमित्त चालून आलंय," यांगडोल म्हणाली. आता तिने इंजिन बंद केलं होतं. "खिंड बंद आहे. कोण नाव ठेवणार आहे तुला?"

"तुंडुपच्याही कामी हेच निमित्त आलं होतं. खिंड बंद."

"मेल्यावर वैर संपतं म्हणतात."

"त्याचं संपलं असेल."

नऊ हिवाळ्यांपूर्वी थिनलेसचे वडील, आबा, लेहच्या इस्पितळात वारले तेव्हाही खिंड बंद होती. तरीही पलजोर लष्कराच्या गाडीतून आला. कुलूपवाल्या घरातली माणसं तेव्हा लेहलाच होती, तीही आली. आला नाही तो एकटा तुंडुप. त्याआधीच्या उन्हाळ्यात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि आबांचं वाजलं होतं. फावडी उगारण्यापर्यंत गोष्ट गेली होती. तेव्हा तुंडुप का आला नाही हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आबांना नेताना एका बाजूला माणूस कमी पडला, आणि इस्पितळातल्या एका अनोळखी रखवालदाराला बोलवावं लागलं. फासपुनच्या जागी परका माणूस. ते थिनलेसच्या जिव्हारी लागलं होतं आणि आजही तिथेच होतं. त्यानंतर त्याने तुंडुपच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. गावात कधी समोरासमोर आलेच, तर म्हातारा डोंगराकडे बघत निघून जायचा. एका शब्दाने त्याने कधी काही सांगितलं नाही.

म्हणूनच आज जायचं होतं. थिनलेसचं ठरलं होतं. त्या म्हाताऱ्याला आपल्या हातांनी बांधायचं, खांदा द्यायचा, आणि मग सगळं गाव अंगणात असताना स्कल्झांगला एकच वाक्य ऐकवायचं. खिंड बंद असतानाही येता येतं. ते वाक्य त्याने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तयार केलं होतं.

"म्हणजे तू मयताला नाही, भांडायला चाललायस," यांगडोल म्हणाली.

"दोन्ही कामं एका फेरीत होतात."

चौकीवरचा पोलीस जवळ आला. तो झंस्करचा होता, बोलण्यावरून कळत होतं. "गाड्यांना बंदी आहे," तो म्हणाला.

"ही गाडी आहे का?"

पोलिसाने सायकलकडे पाहिलं, मग थिनलेसच्या पोटाकडे. "माणसांनाही बंदीच आहे. पलीकडे कडा अजून सैल आहे. कशाला जीव धोक्यात घालतोस?"

"फासपुन गेलाय. आज मावळायच्या आत बसवायचाय."

पोलिसाने मागे ट्रकच्या रांगेकडे पाहिलं. त्याने बांबू उचलला नाही. "चहा उतू जाईल," असं म्हणून तो वळला आणि चौकीच्या आत गेला, आणि दार लावून घेतलं.

यांगडोल खाली उतरली. तिने त्याच्या पाठीवरच्या पिशवीत लोणी-मिठाच्या चहाचा थर्मास आणि सातूच्या पिठाची पुरचुंडी कोंबली. मग स्वतःच्या गळ्यातला लोकरी रुमाल काढून त्याच्या कानांवरून घट्ट बांधला. घट्ट म्हणजे जरा जास्तच.

"माथ्यावर बसून राहू नकोस," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना सांगतोस ते एकदा स्वतःही ऐक."

तो बांबूखालून वाकून पलीकडे गेला आणि सायकलवर टांग टाकली. मागून ड्रायव्हरांपैकी कोणीतरी शिट्टी वाजवली. पहिल्या वळणापर्यंत तरी उतरायचं नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं. वळण आलं, त्याने ते पार केलं, आणि ट्रकच्या रांगेला दिसेनासा झाल्याबरोबर तो सायकलवरून उतरला आणि हँडलवर डोकं टेकून धापा टाकत उभा राहिला. खालून पिकअपचा हॉर्न दोनदा वाजला. यांगडोलला सगळं कळत होतं.

हा रस्ता त्याला पाठ होता, पण गिअरमधून. कुठे दुसरा टाकायचा, कुठे पहिल्यावर यायचं, कुठे समोरून ट्रक आला तर मागे घ्यायचं. पायांना मात्र हा रस्ता आज पहिल्यांदाच भेटत होता. जिथे पिकअप सरळ जाते असं वाटायचं तिथेही चढ होता. जिथे चढ माहीत होता तिथे तो भिंतीसारखा उभा होता. थोडं पायडल, थोडं ढकलणं, मग थांबणं, असं तो जाऊ लागला. श्वास छातीत मावत नव्हता आणि छातीबाहेर टिकत नव्हता. रस्त्यावर आडवे वाहणारे ओहोळ गोठून काचेसारखे झाले होते. तिथे उतरून, सायकल कडेच्या खडीवरून न्यावी लागे.

सोबतीला होता तो राग. रागाच्या भरात माणूस चढतो हे खरं आहे. प्रत्येक वळणाला तो आबांची तिरडी आठवायचा, एका बाजूला कललेली, आणि तो रखवालदार, ज्याला प्रार्थनेची कोणती ओळ म्हणायची हेही ठाऊक नव्हतं. मग पाय पुन्हा फिरायला लागायचे. मधूनच नको ते आठवायचं. त्याच्या लग्नात यांगडोलला घोड्यावरून उतरवून घेणारा तुंडुपच होता. उतरवताना तो छांगच्या नशेत इतका डुलत होता की नवरी आणि तो दोघेही पडता पडता राहिले. सगळं गाव हसलं होतं, आबा तर सगळ्यात जास्त. थिनलेसने ती आठवण बाजूला सारली आणि दात आवळून पुढचं वळण घेतलं.

दुपार कलायला लागली तेव्हा डोकं ठणकायला लागलं. एका वळणावर बर्फाळ डांबरावरून चाक सटकलं आणि तो आडवा झाला. गुडघा फुटला, पँट फाटली. तो तसाच रस्त्यात बसून राहिला. सायकल त्याच्या शेजारी पडली होती आणि पडताना तिचं तोंड लेहकडे झालं होतं. नुसतं उभी करून वर बसायचं होतं, बाकी सगळं उताराने केलं असतं. पुलूला यांगडोल थांबली असणार हे त्याला माहीत होतं. ती काही बोलली नसती. गरम चहा दिला असता आणि वाटभर गप्प राहिली असती. गावात तर कोणाला काही वाटण्याचा प्रश्नच नव्हता. खिंड बंद होती.

मग त्याला पलजोरचे हात आठवले. एकट्या थरथरत्या हातांनी तो म्हातारा देह बांधायला बसेल. नाही जमलं की कुणाला तरी बोलवावं लागेल. शेजाऱ्याला, नाहीतर रस्त्यावरच्या मजुराला. परक्याला. आणि स्कल्झांग कोपऱ्यात बसून ते पाहील.

पाहू दे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ते म्हणवेना. तुंडुपवर राग होता, पण असला देखावा कुणाच्या पोराने पाहावा असं त्याला वाटत नव्हतं. स्वतःचंच त्याला नवल वाटलं. त्याने सातूचं पीठ चहात कालवलं, गोळे करून खाल्ले, गुडघ्याला रुमालाचं टोक फाडून बांधलं आणि सायकल माथ्याच्या दिशेने वळवली.

माथ्यावर चिटपाखरू नव्हतं. चहाचं दुकान बंद, पताका गोठून दोरीला चिकटलेल्या. इथे पोचल्यावर देवांचा जयजयकार मोठ्याने करायचा असतो. त्याच्याकडे तेवढा श्वास नव्हता. तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला आणि थांबला नाही.

पलीकडच्या अंगाला थोडं खाली कड्याचा ढिगारा रस्त्यावर पसरला होता. त्याच्या पलीकडून बुलडोझरवाले हात हलवून मागे फिर म्हणत होते. थिनलेसने सायकल खांद्यावर घेतली आणि ढिगाऱ्यावर पाय ठेवला. कमरेपर्यंत रुतला, बाहेर आला, पुन्हा रुतला. खालच्या बाजूला पाहायचं नाही, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. आज त्याने वरच्या बाजूलाही पाहिलं नाही. पलीकडे पोचला तेव्हा बुलडोझरवाल्याने आधी त्याला शिवी दिली आणि मग आपले कोरडे हातमोजे काढून दिले.

"एवढं काय अडलंय पलीकडे?" त्याने विचारलं.

"मयत आहे."

"जवळचं?"

थिनलेसने हातमोजे चढवले. "आमचंच," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

तिथून पुढे मात्र त्याचं राज्य होतं. बोटं बधिर झालेली, डोळ्यांतून पाणी, तरीही ब्रेक कुठे दाबायचा आणि कुठे सोडायचा हे हातांना न सांगता कळत होतं. थांगमरची पहिली पॉप्लरची झाडं दिसली तेव्हा समोरच्या डोंगराच्या शेंड्यावर अजून ऊन होतं.

तुंडुपच्या अंगणात गाव जमलं होतं. त्याला हेच हवं होतं. स्कल्झांग पायरीवरून उठला. नऊ वर्षांत तो पोक्त झाला होता. फाटकी पँट, रक्ताळलेला गुडघा, बर्फाने भरलेल्या भुवया, हे सगळं त्याने पाहिलं. पुढे होऊन त्याने थिनलेसच्या हातातून सायकल घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

बोलायचं ते नंतर बोलू, थिनलेसने ठरवलं. ऊन उतरत होतं. आधी काम.

आतल्या खोलीत धुपाचा वास होता. मेमे पलजोर पांढरं कापड मांडीवर घेऊन बसला होता. थिनलेसला पाहून त्याने नुसती मान हलवली. तो येणार यात त्याला कधी शंकाच नव्हती, असं ते मान हलवणं होतं.

"हात गरम करून घे," पलजोर म्हणाला. "मग मोजे काढ त्याचे. मला गाठ सुटत नाही."

तुंडुप अंथरुणावर होता. म्हातारा लहान झाला होता. थिनलेसने हात शेगडीवर धरले, ते दुखायला लागेपर्यंत धरले, आणि मग पायांशी बसला. लोकरीचे जाड मोजे घोट्याशी दोरीने बांधलेले होते, घरातल्या घरात कोणी बांधत नाही तसे. त्याने गाठी सोडवल्या. उजवा मोजा काढला.

पायाला अंगठा तेवढा होता. बाकीच्या बोटांच्या जागी काळपट, चकचकीत कातडी होती, एका रेषेत बुजलेली. त्याने डावा मोजा काढला. तिथेही दोन बोटं नव्हती. असे पाय थिनलेसने पाहिले होते, हिमनदीवरून परत आलेल्या हमालांचे. हे दगड पडून होत नाही. बर्फाने होतं.

"हे कधीचं?" त्याने विचारलं.

पलजोर कापडाची घडी उलगडत राहिला. "तुझे आबा गेले त्या हिवाळ्यातलं."

बाहेर अंगणात कोणीतरी खोकलं. शेगडीतला निखारा फुटला.

"मला लष्कराच्या गाडीत जागा मिळाली," पलजोर म्हणाला. "एकालाच होती. हा म्हणाला तू जा, मी मागून चालत येतो. माथा ओलांडला होता त्याने. पलीकडे वादळात सापडला. दोन दिवसांनी इकडे येणाऱ्या जवानांना दिसला, त्यांनी उचलून इकडेच आणला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगू देत नव्हता. घरात सगळ्यांना शपथ घातली होती, मलाही. म्हणायचा, खांद्याला पोचलो नाही तो नाहीच पोचलो. वाटेत किती चाललो हे काय सांगत फिरायचं?" पलजोरने कापड झटकलं. "आता तो गेला, शपथही गेली."

थिनलेसने ते दोन्ही पाय हातांत घेतले. थंडगार होते. त्याने ते चोळायला सुरुवात केली, तळव्यापासून वर, बर्फ लागलेल्या माणसाचे चोळतात तसे, आधी हळू आणि मग जोरात. त्याचा काही उपयोग नव्हता हे त्याला कळत होतं. पलजोरलाही कळत होतं. तरी पलजोर कापड धरून बसून राहिला. थिनलेसच्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्याने हात मोकळा केला नाही.

"ऊन जाईल," शेवटी पलजोर हलकेच म्हणाला.

मग दोघांनी म्हाताऱ्याला न्हाऊ घातलं. गुडघे छातीशी घेतले, हात जोडले, कापड गुंडाळलं. दोरीची टोकं पलजोरच्या हातात थरथरत होती, म्हणून थिनलेसने सगळ्या गाठी स्वतः मारल्या. घट्ट नाही, सैल नाही. म्हाताऱ्याला कोपऱ्यात बसवलं तेव्हा खिडकीच्या चौकटीवर उन्हाची शेवटची रेघ होती.

तो बाहेर आला. कोणीतरी त्याच्या हातात चहाचा पेला दिला. अंगणातले लोक त्याच्याकडे पाहत होते. भिंतीला टेकवलेली सायकल, तिच्या चाकांत अडकलेला बर्फ, हे आतापर्यंत सगळ्यांचं पाहून झालं होतं. स्कल्झांग जवळ आला. त्याचे डोळे सुजले होते.

"खिंड बंद आहे ना, अचो?" तो म्हणाला. "एवढा चढ... आलास कसा?"

थिनलेसने चहाचा एक घोट घेतला.

"कसला चढ," तो म्हणाला. "बरीचशी उतरणच होती."